रक्तातले राखणदार

शिरवण्याच्या नामदेवला डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं: ॲसिड प्लांटमधलं काम सोडा, नाहीतर ही छाती वर्ष काढणार नाही. कंपनी गेटवरची हलकी जागा द्यायला तयार होती. पण ते गेट नेमकं त्याच्याच भातखाचरावर उभं होतं. जमीन संपादनात गेली, बदल्यात नोकरी मिळाली.

"माज्याच शेताव बसून सायबाला सलाम ठोकू? त्यापरीस धूर बरा," तो म्हणायचा.

त्याची मुलगी सरस्वती मुंबईला एका प्रयोगशाळेत होती. श्वासातून आत जाणाऱ्या जहाल वायूंचा मारा अंगावर घेऊन फुफ्फुसं वाचवणारी एन्झाइमं मोजायची, हे तिचं काम. महिनाभर मनधरणी करून सत्याऐंशीच्या दिवाळीत तिने बापाला गेटसाठी जवळजवळ राजी केलं. अर्ज लिहून झाला, सही तेवढी राहिली. तेव्हाच तिने त्याचं रक्त तपासायला नेलं. एन्झाइमांचा आकडा पडलेला येणार, तो दाखवला की सही होईल, असं तिच्या मनात.

आकडा चढा आला. धडधाकट माणसापेक्षाही चढा. इतक्या दिवसांनी काही बरं सांगायला मिळालं, म्हणून ती जेवताना बोलून गेली, "बाबा, शेताला राखणदार असतो ना, तसे अंगाला पन असतात. तुमचे भरपूर हाईत."

"बघ गोजरे," नामदेव बायकोला म्हणाला. "डाक्टर म्हनतो मेलास, पोर म्हनते राखनदार भरपूर. कोनाचा खरा मानू?"

"मंग त्या राखनदारांना पन बिडी पाजा," गोजरा म्हणाली. तिघंही हसली.

सही राहिलीच. सोमवारी तो प्लांटवर गेला.

पौषात सरस्वतीच्या वाचनात एक शोधनिबंध आला. रोज धूर पिणाऱ्याच्या रक्तात ही एन्झाइमं वाढलेली असू शकतात. फुफ्फुसांत काय शिल्लक आहे, ते रक्त सांगत नाही. तशीच घरी येऊन तिने बापाला सगळं सांगितलं.

"एकदा आसा सांगतस, एकदा तसा," नामदेव म्हणाला, आणि डबा घेऊन निघाला.

माघात तो गेला.

बारावं झाल्यावर त्याच्याच प्लांटमधला वामन ओटीवर येऊन बसला. बोलण्याआधी बराच वेळ खोकला.

"यांचा पन रगत बघ गो," गोजरा म्हणाली. "तुज्या बापाचा चांगला निघाला व्हता."

वामनने बाही वर केलीही होती.

"काका, रगतात काय समजत नाय. काम सोडा." सरस्वती आईकडे वळली. "आये, बाबांना मी चुकीचं सांगितलं. माज्यामुलं त्यांची सही राहिली."

गोजराने नजर वर केली नाही. "चांगला व्हता त्यांचा रगत. तूच सांगितलास."

"बापाचा बघितलास. आमचा कशाला बघशील," वामन म्हणाला. त्याने बाही खाली ओढली, बटण लावलं, आणि कठड्याला धरून उठला. सेकंड शिफ्टची वेळ झाली होती.