पट्ट्यावरची हजेरी

भटूला माणसाची पारख आहे, असं सुरतच्या नवागामात बोललं जाई. ही बातमी मुळात भटूनेच सोडलेली, पण फिरून त्याच्यापर्यंत आली की तोही मान डोलवी. कोण किती पाण्यात आहे, कोणाचं 'उद्या देतो' किती लांबचं, हे तो चेहऱ्यावरून सांगे. घरात शिरताना मात्र ही विद्या तो चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवी.

ऐन उन्हाळ्यात तो पांडेसराच्या मिलमध्ये चक्कर येऊन पडला. रंगवलेलं कापड गरम हवेत ताणून सुकवायचं ते मशीन. त्याच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे भट्टीशी गप्पा मारणं. ठेकेदार शालिग्राम गावाकडचाच, एका ताटात जेवलेला. त्यानेच दवाखान्यात नेलं आणि परतताना प्रेमाने सांगितलं, "भटूभाऊ, डॉक्टर फिट म्हणत नाही तोवर मशीन बंद. कापडाची घडी घालायला बस." घडी घालायला म्हातारे बसत. तिथून उठून पुन्हा मशीनवर आलेला माणूस भटूने पाहिला नव्हता.

दवाखान्यातल्या योगिताने त्याच्या मनगटावर एक काळा पट्टा बांधला. पोरगी धुळ्याकडच्यांची, पण जन्म सुरतचा; बोलता बोलता गुजरातीत घसरायची. "काका, आ पट्टो छे ने, तो शिकतो. आधी तुमची ओळख करून घेणार. ठोके, श्वास, झोप. मग तुमचं नेहमीचं काय, ते तोच ठरवणार. सगळं नेहमीसारखं असलं तर दिवा हिरवा, आणि मोजणार पण कमी. काही बदललं की पिवळा, मग सारखा मोजणार. महिनाभर हिरवा राहिला तर डॉक्टर फिट लिहून देतील."

भटूने हे सगळं ऐकलं आणि त्यातून एवढंच काढलं, की ही हजेरी आहे. हजेरीची त्याला काय नवलाई? मिलमध्ये कार्डं होती तेव्हा एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच करायचं, ही रीतच होती. शालिग्राम मजूर असताना त्याचं कार्ड भटूनेच कितीदा लावलेलं. पुढे अंगठ्याचं मशीन आलं आणि तो सगळा बंधुभाव बुडाला. या पट्ट्याला तर अंगठाही लागत नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने तो बायकोच्या, उषाबाईच्या, मनगटावर चढवला.

"माले कशाले?" साडीला टिकल्या लावता लावता ती म्हणाली.

"तू ठणठणीत शेस. तुनं काळीज म्हणजे घड्याळ."

"घड्याळले चावी कोन देस?" असं म्हणत तिने हात पुढे केला. पट्टा शेवटच्या भोकात बसला.

ती ठणठणीत हे भटूने कशावरून ठरवलं, तर ती कधी पडली नव्हती यावरून. बादली घेऊन जिना चढताना ती मध्येच भिंतीला टेकायची. लग्नानंतर काही वर्षांनी ते सुरू झालं, तेव्हा तो विचारायचा. मग पाहून पाहून ते त्याला दिसेनासं झालं. "तिची सवयच आहे," असं तो पाहुण्यांना सांगे.

पट्टा महिनाभर हिरवा राहिला. फिटचा कागद मिळाला, भटू मशीनवर परतला. छातीत कधी धडधडलं तर तो कागद आठवायचा आणि बरं वाटून घ्यायचा. पट्टा अजून काही दिवस ठेवायचा होता, तो उषाबाईच्या हातावरच राहिला.

एका सुट्टीच्या दिवशी योगिता न सांगता दारात उभी राहिली. उषाबाईने पदराआड पट्टा काढून नवऱ्याच्या हातात सरकवला. तो अजून गरम होता. भटूच्या मनगटावर पहिल्या भोकातही आवळत होता.

"काका, भूल झाली," योगिता बसायच्या आधीच म्हणाली. "तुमची नाही, पट्ट्याची. डॉक्टरांनी त्यातली मूळ नोंद काढून पाहिली. झोपेत तुमचे ठोके चुकतात, श्वास खाली जातो. पहिल्या रात्रीपासून. पहिल्यापासूनच तसं होतं, म्हणून पट्ट्याने तेच तुमचं नेहमीचं धरलं आणि हिरवा देत राहिला. त्याला वाटलं, या माणसाचं असंच असतं. उद्या भरती व्हा, आणि गरम मशीन बंद."

ओट्याशी झाकण वाजलं.

"जा ना मग," उषाबाई पाठमोरीच म्हणाली. "दखाडी या एकदा."

मग ती वळली, आणि तिच्या डोळ्यांतला हिशोब भटूने एका नजरेत वाचला. तो जाईल, तपासतील, त्याचं झोपेतलं काळीज चांगलं निघेल. मग पट्टाच खराब ठरेल, मशीन सुटणार नाही. सगळं बसत होतं. हे असं बसवणं त्यालाच सुचायला हवं होतं.

चहा घेऊन येताना ती ओट्याला हात टेकून क्षणभर थांबली. बांगड्या वर सरकल्या. खाली मनगटाभोवती ऊन न लागलेली एक फिकी रेघ होती. भटूची पारख दाराबाहेरून आत आली, पण फार उशिरा आली.

"योगिता," तो म्हणाला, "ते ठोके माझे नाहीत." आणि त्याने पट्टा काढून बायकोच्या हाताला लावून दाखवला. शेवटचं भोक वापरून मोठं झालेलं होतं.

योगिताला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती हळू आवाजात बोलली, ते ओरडण्याहून वाईट होतं. "म्हणजे फिट लिहिलं ते काकूंच्या ठोक्यांवर? आणि काकू फिट नाहीत. आणि तुमचं काळीज तर कोणी पाहिलंच नाही. तरी तुम्ही रोज त्या मशीनपुढे उभे राहता?"

"माले काय धाड भरेल शे?" उषाबाई म्हणाली. "पट्टाच येडा शे, ताई."

"येडा नाही, काकू. शिकवलं तेवढं शिकला. मला हे डॉक्टरांना सांगावं लागणार. उद्या दोघं या." मोबाइलवर काहीतरी दाबून तिने पट्ट्यातलं जुनं सगळं पुसून टाकलं. "आज एकच आहे. कोणाला बांधू?"

"त्यास्ले बांध," उषाबाई म्हणाली.

"हिला," भटू म्हणाला, आणि तिचा हात धरून पुढे केला. फार वर्षांनी धरला होता. बोटं गार लागली.

पट्टा उषाबाईच्या मनगटावर बसला, पण दिवा ना हिरवा, ना पिवळा. नवख्यासारखा नुसता लुकलुकत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. शालिग्राम.

"भटूभाऊ, मशीनवर माणूस कमी आहे. आजच्या पाळीला येतोस ना?"

"खाडा लाव."

"किती दिवसांचा?"

"एकच सांगा," उषाबाई कुजबुजली. "एकच दिवसना."

भटूने तिच्याकडे पाहिलं. मग नजर तिच्या मनगटावरच्या लुकलुकत्या दिव्यावर उतरली; किती दिवस, ते तो दिवाही अजून सांगत नव्हता. पलीकडून शालिग्राम दोनदा "हॅलो" म्हणाला.