धुळ्याच्या उंदरांची उजवी बाजू

जळगावच्या नारखेडे सरांनी उंदरांनाही जिल्हा लावला होता. मेंदूच्या तळाशी एक जागा असते. गोड खाल्लं की 'अजून हवं' ही आग तिथे लागते. न्यूरोपेप्टाइड हे त्या जागी येणारे निरोपे आणि त्यांना झेलणारे ते रिसेप्टर. हे रिसेप्टर म्हणे जळगावच्या उंदरांत डावीकडे जास्त आणि धुळ्याच्या उंदरांत उजवीकडे. का? तर सरांच्या मते पाणी. गिरणेचं वेगळं, पांझरेचं वेगळं. हे ऐकून धुळ्याच्या विज्ञान परिषदवाल्यांनी सरांचा सत्कार ठरवला. जिल्ह्याचं कौतुक केलं की आपली माणसं उंदरालाही भाऊबंद म्हणतात.

मेंदूचे काप तपासले होते ऋतिकाने. यावलची पोरगी, सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी. प्रबंध तयार होता, फक्त सरांची सही बाकी होती.

सत्काराच्या सकाळी ती धुळ्यात कुंदनच्या प्रयोगशाळेत गेली. धुळ्याचे काप त्यानेच पाठवलेले. तो नव्या मेंदूला ब्लेडने खाच पाडत होता. काप पाण्यात पलटी खातात, मग डावं-उजवं कळत नाही, म्हणून ही खाच आधीच पाडून ठेवतात.

"कुंदनभाऊ, उजवीकडे खाच?"

"मंग? उजवा हातमा ब्लेड शे, उजवीकडेच पडस."

"आमच्याकडे डावीकडे पाडतात. सर म्हणतात, उजवी बाजू शुभ, तिला ब्लेड लावायचं नाही."

"उंदीरले कसानं शुभ-अशुभ?" कुंदन हसला. मग एकदम थांबला. "म्हंजे आम्हना बठ्ठा काप तू उलटा वाचात?"

"सगळेच उलटे वाचले. खाच दिसली की ती डावी बाजू धरली. विचारलंच नाही मी."

सभागृहामागच्या खोलीत सरांना फेटा बांधणं चाललं होतं.

"सर, फरक नाहीये. धुळ्याची खाच उजवीकडे असते. दोन्हीकडचे रिसेप्टर डावीकडेच जास्त आहेत."

सरांना मान हलवायची सोय नव्हती. "बाहेर माणसं बसलीत, ऋतिका. हे नंतर बघू."

"नंतर शोधनिबंध छापून येईल. त्यावर माझंही नाव आहे."

"उंदीर येणार आहेत का तक्रार करायला?"

"नाही सर."

"तुझ्या प्रबंधावर सही कोण करणार?"

"तुम्ही."

"मग जा, बस जाऊन."

ती जाऊन बसली. सर बोलले, पांझरेवर जरा जास्तच बोलले. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला शंका? ऋतिकाने हात वर केला. सरांनी पाहिलं आणि माइक दुसरीकडे पाठवला. ती माइकशिवाय उभी राहिली.

"धुळ्याचे काप मी उलट्या बाजूने वाचले. खाच कुठे पाडतात हे विचारलं नाही, ही माझी चूक. दोन्ही जिल्ह्यांचे उंदीर सारखेच आहेत."

मग पहिल्या रांगेतले धुळ्याचे एक निवृत्त प्राध्यापक उठले. खाचेबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं.

"म्हणजे आमचे उंदीर जळगावसारखे?" ते म्हणाले. "हे आम्ही ऐकून घ्यायचं?"

मागून कोणी जळगाववाला ओरडला, "आम्हालाही आनंद नाही झालेला, नाना!"

अध्यक्षांनी चहा जाहीर केला. सर फेटा सांभाळत तिच्यापाशी आले. "आता दुसरा गाइड शोध."

"शोधते," ऋतिका म्हणाली आणि धुळ्याचे काप पुन्हा मोजायला कुंदनकडे निघाली.