गाभोळीवाली शेवंड

डॉक्टरांनी डेस हॅरिगनचं हृदय तपासलं आणि समुद्रात बुड्या मारणं कायमचं बंद करायला सांगितलं. चाळीस वर्षं ख्रिसमसच्या टेबलावर त्याने हाताने पकडलेली शेवंड असायची. बायकोशी, मार्जशी, घासाघीस करून त्याने शेवटच्या तीन बुड्या मिळवल्या. बुड्या आणि सेकंद मोजायला मुलगी कोरिन होडीत बसली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिला थापा मारून चालत नसे.

दोन बुड्या वाया गेल्या. तिसऱ्या बुडीत ओळखीच्या कपारीतून दोन जाड मिशा बाहेर आलेल्या दिसल्या. त्याने हातमोजा आत सरकवला, मिशांच्या बुंध्याशी पकड घेतली आणि ते धूड वर आणलं. पाठीचं कवच मापपट्टीवरच्या किमान आणि कमाल मापाच्या दोन खाचांना लावून पाहिलं. धाकट्या खाचेपेक्षा बरंच मोठं, थोरलीपेक्षा केसभर लहान. म्हणजे कायद्याने त्याची. मार्जला काय वाटेल, या विचाराने तो पाण्यातच हसायला लागला.

"उताणी करून बघितलीस?" कोरिनने विचारलं. "मी सात वर्षांची असल्यापासून माझ्यावर ओरडतोयस बाबा, आधी पोट, मग माप."

त्याने बघितली नव्हती. आता बघितली. शेपटीखाली गाभोळी गच्च होती. अंडी असलेली मादी ठेवता येत नाही, लगेच सोडावी लागते. अशा कितीतरी त्याने पोटाकडे नजर टाकून, शिवी हासडून परत टाकल्या होत्या. ही टाकवेना. तिला पाण्याखालीच धरून त्याने चेहऱ्यावरची काच तिच्याजवळ नेली.

प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके होते.

ते डोळे आहेत, कोरिनने वाकून सांगितलं. अंडी फुटायला आलीत, आणि एवढ्या मोठ्या मादीपाशी ती पाचेक लाख तरी असतील.

वरूनच सोड, असं ती म्हणत होती. तळाशी पोचेपर्यंत मासे गाभोळी ओरबाडतील, हे डेसला ठाऊक होतं. तिला कपारीत नेऊन ठेवायला त्याला चौथी बुडी हवी होती.

"जा मग," ती शेवटी म्हणाली. "आत ठेवायची नि वर यायचं. आईला मी सांगणार आहे."

कपारीच्या तोंडाशी त्याने पकड सैल केली. शेवंड शेपटीकडून आत सरकली, थांबली, आणि शेपूट हलकेच झाडायला लागली. धुरळा उडाला. सकाळचं तिरपं ऊन त्यात शिरलं तेव्हा डेसला दिसलं, त्या धुरळ्याला पाय होते. काचेसारखे पारदर्शक, चपटे, कणाएवढे जीव, हजारोंनी, त्याच्या बोटांमधून उघड्या समुद्राकडे निघाले होते. छातीतली हवा संपत आली तेव्हा कुठे त्याला श्वासाची आठवण झाली.

तो वर आला तेव्हा कोरिनचा सेकंदांचा आकडा एक्केचाळीसवर गेला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत आणखी होत्या का?" त्याला होडीत ओढून घेतल्यावर तिने विचारलं.

"दोन. मापाच्या असाव्यात."

"मग?"

हात घालायचं त्याला सुचलंच नव्हतं.

त्या ख्रिसमसला टेबलावर हॅम होतं. ते गार होत होतं, आणि डेस नखावर मिठाचा एक कण घेऊन मार्जला दाखवत होता: एवढे. आणि याला डोळे.