सुरुवातीची ओळ

आजीबाईने संगणकावरची ती ओळ खोडली आणि शेजारचा चष्मिष दचकला.

“अगं, परीक्षा चालू आहे. परत टाक ती.”

“बघू तरी काय होतंय.”

ही आजीबाई जेमतेम एकवीस वर्षांची. सी या संगणकाच्या भाषेत दोनदा आपटून तिसऱ्यांदा त्याच वर्गात बसली, म्हणून धाकट्यांनी दिलेलं हे नाव. यंदाही गाडी अडली तर विद्यापीठ सोडून दादाच्या रंगाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. दादाने तिच्यासाठी नवी खुर्चीसुद्धा आणली होती. माणूस प्रेमळ, म्हणून तर ती खुर्ची तिला जास्त टोचायची.

ती ओळ मॅडमनी वाटलेल्या नमुना प्रोग्रामात पहिल्यापासून होती. काम एवढंच, पडद्यावर ‘सुरुवात’ असं छापायचं. काढली की प्रोग्राम कोसळतो, ठेवली की सुरळीत चालतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? तोंडी परीक्षेत मॅडम हटकून विचारायच्या, ‘ही ओळ कशाला?’ बाकीचे ठोकून द्यायचे, ‘प्रोग्राम सुरू झाल्याचं कळावं म्हणून.’ हिला थाप मारता येत नसे. दोन्ही वर्षी ‘माहीत नाही’ म्हणून ती तिथेच अडकली होती.

आता प्रोग्राम कोसळला. चष्मिषाने कपाळाला हात लावला. तिने मात्र बाह्या सरसावल्या आणि एकेक ओळ वाचत खाली उतरली. शब्द आठ अक्षरांचा, संगणकाच्या मेमरीत त्याला दिलेली घरंही आठच. ती थबकली. मग आठाचे नऊ केले आणि प्रोग्राम चालवला. तो चालला, त्या ओळीवाचून चालला. तिला इतका आनंद झाला की खुर्चीत बसवेना.

मॅडम जवळ आल्या.

“ओळ कुठे गेली?”

“काढली, मॅडम. शब्द संपल्याची खूण म्हणून सी शेवटी एक शून्य ठेवते. त्याला घरच नव्हतं, म्हणून ते शेजाऱ्याच्या घरात घुसत होतं. ती ओळ असली की घरांची मांडणी बदलायची आणि शेजारचं घर योगायोगाने रिकामं निघायचं. चूक तशीच राहायची, फक्त दिसायची नाही.”

मॅडमनी स्वतः प्रोग्राम दोनदा चालवून पाहिला. मग शेजारचं स्टूल ओढून बसल्या.

“हा प्रोग्राम मी शिकत असताना लिहिला होता. ती ओळ का लागते, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. दरवर्षी विचारत होते, कोणीतरी सांगेल म्हणून. तू ‘माहीत नाही’ म्हणालीस, तेच खरं होतं. आणि मी तुला नापास केलं.”

मॅडमनी उठून स्टूल जागेवर सरकवलं.

“सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर तू समजावून सांग. मीही बसते ऐकायला.”

बाहेर येऊन तिने दादाला फोन लावला.

“दादा, ती नवी खुर्ची आहे ना?”

“आहे की. पुसून ठेवलीय.”

“तिच्यावर तूच बस आता.”