रिपोर्ट जिचा तिला

कन्हानच्या सरकारी दवाखान्यात दामिनीचं काम एकच: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली की रिपोर्ट समजावून सांगायचा. आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे त्याहून अवघड. त्या सोमवारी यमुताई तिच्यासमोर ठाण मांडून बसल्या.

"जयभीम वं पोरी. परवा आमच्या प्रशिकचं साक्षगंध आहे. होणाऱ्या सुनेचा, मिनलचा, रिपोर्ट आला म्हणते. चांगला आहे ना?"

कसला चांगला! मिनल सिकलसेलची वाहक निघाली होती, आणि तिला ते अजून सांगायचं होतं. तिला स्वतःला त्रास नाही. पण नवराही वाहक असला, तर दर बाळंतपणात लेकराला आजार होण्याची भीती, चारात एक. आणि प्रशिकही वाहकच! दोन वर्षांपूर्वी त्यानं इथंच तपासून घेतलं होतं, "आईले सांगू नका, ताई" म्हणून हात जोडले होते. दोघांचंही ठाऊक असलेली एकटी दामिनी.

"मावशी, रिपोर्ट जिचा तिलाच सांगते मी."

"एका विहारातले आपण, अन् मलेच कायदा शिकवून राहिली? समजलं मले. पोरीतच खोट आहे. मोडतो ही सोयरीक!"

झालं! गप्प राहिलं तरी पोरीच्याच नावाला बट्टा. संध्याकाळपर्यंत वस्तीभर बोभाटा झाला असता. दामिनीचं डोकं सणकलं.

"खोट पोरीतच काहून शोधता? प्रशिकले विचारा आधी, त्याचा रिपोर्ट काय होता!"

बोलली आणि जीभ चावली. यमुताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळूहळू त्यांच्या काही ध्यानात आलं, त्या पदर सावरून उठल्या.

"त्याच्यात आहे, म्हणजे पोरगी साफ आहे. म्हणून तं तिची बाजू घेऊन राहिली तू. एकात असलं तं लगन चालते, शिबिरात तूच सांगितलं."

"मावशी, तसं नाही म्हटलं मी!"

पण यमुताई फोन कानाला लावून पायऱ्या उतरत होत्या. त्यांना अडवायचं तर मिनलचंही उघडं करावं लागणार. एकाचा विश्वास तर आत्ताच मोडला होता. दामिनीला स्वतःची शरम वाटली.

तिनं मिनलला फोन लावला. दोनदा बिझी. तिसऱ्यांदा लागला, तर मिनल हसत होती.

"ताई, आईंचा फोन होता, प्रशिकच्या. मी साफ आहे असं सांगितलं ना तुम्ही?"

"मी काहीच नाही सांगितलं, मिनल. तू आत्ता ये. एकटी ये."

पलीकडचं हसू थांबलं.

"एकटी काहून, ताई?"