अर्ध्या कोयत्याची चुंबळ

मी चुंबळ बोलतेय. डोकं आणि ओझं यांच्यामध्ये दबून असते ना, तीच. तुम्ही मला शंभरदा पाहिलं असेल, पण बघणाऱ्याची नजर ओझ्यावर असते. माझ्याकडे कोण बघतंय!

पाथर्डीकडच्या एका कोरड्या गावात रंगुबाईने जुन्या साडीचा काठ फाडला, पिळून गोल वळला आणि मी जन्मले. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा बजरंग संगमनेरकडे ऊसतोडीला जायचे. बजरंग ऊस तोडायचा. रंगुबाई पाचट काढायची, मोळी बांधायची आणि माझ्यावर ती मोळी ठेवून फळीवरून ट्रकमध्ये चढायची. मुकादम त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणायचा. माणसं दोन, दुखऱ्या कमरा दोन, मोजायला मात्र एक. रंगुबाईला त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं, पण चुंबळीला कोण विचारतो?

एका उन्हाळ्यात, गावात कोण काय काम करतं याची माहिती घ्यायला एक गुरुजी आले. बजरंगने स्वतःची ऊसतोड सांगितली.

“आणि मंडळी?”

“ती व्हय? ती घरीच असती.”

रंगुबाई तेव्हा भरला हंडा घेऊन दारात उभी होती आणि मी हंड्याखाली. तिनेही ‘होय’ म्हणून मान हलवली. हंडा हिंदकळला आणि थोडं पाणी माझ्यात मुरलं. हसावं की रडावं, मला कळेना.

गेल्या वर्षी बजरंगची कंबर गेली. त्याला वाकता येईना. कुणाच्या तरी ओळखीने तो शहरात, सावेडीला, एका बांधकामावर राखणदार म्हणून गेला. दसऱ्याला मुकादम कानिफनाथ ओट्यावर येऊन बसला.

“मी येते की एकली,” रंगुबाई म्हणाली.

“अर्धा कोयता घेऊन म्या काय करू, आक्का? राजेश्वरी मोठी झाली की आता. तिला घे संगं, कोयता पुरा हुतो.”

राजेश्वरी म्हणजे तिची मुलगी. दहावीत होती. आत वाचत बसलेल्या पोरीने पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईने आणखी एक काठ फाडला. खुंटीवरून मला सगळं दिसत होतं. ती पीळ घालू लागली. ही माझी धाकटी बहीण होणार होती.

“माझी का गं ती?” राजेश्वरीने विचारलं.

रंगुबाईने आणखी एक पीळ दिला, थांबली, मग सगळा पीळ सोडवून तो काठ झटकला आणि त्यात भाकरी बांधल्या. “तू मामाकडं राहा. शाळा सोडू नको. मी जाते तुझ्या बापाकडं, सावेडीला.”

तिथे ठेकेदाराने तिच्याकडे बोट करून म्हटलं, “बाई एक.” रंगुबाईने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, एक म्हणतोय म्हणजे बजरंग मागे उभा असणार. मागे कोणीच नव्हतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पण एक झाली म्हणून ओझं काही उतरलं नाही. उसाच्या जागी विटा आल्या, फळीच्या जागी जिना आला. संध्याकाळी मी खुंटीवर पडते, ती चुलीपुढे बसते. सिमेंटने मी कडक झालेय, मधून विरलेय. खरं सांगते, आता थकले.

परवा परीक्षा देऊन राजेश्वरी आली. आल्या आल्या म्हणाली, “निकाल लागेपर्यंत मी उचलते विटा. तुझी मान बघ जरा.” आणि मला खुंटीवरून काढून तिने डोक्यावर ठेवलं. “कशी बसली?”

माझ्याखाली कोवळे, तेल लावून विंचरलेले केस होते. मला हलताही येईना.

रंगुबाई बघतच राहिली. “लई चांगली बसली,” ती म्हणाली. “म्हून तर म्हनते, काढ.”

पोरीने मला काढलं. रंगुबाईने माझ्यावर विटा ठेवल्या आणि ती जिना चढू लागली.

मी आता फार तर एक पावसाळा टिकेन. बाई काय काम करते, असं विचारायला कधी आलात, तर आधी तिच्या डोक्यावर बघा. आणि मी फाटले की मला चुलीत घाला, पण त्या घरात दुसरी वळू नका.