टिल्लूच्या पत्त्यावरून

माझा धाकटा भाऊ सहा फूट उंच होता, म्हणून घरात सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. उन्हाळा संपत आला तेव्हा त्याच्या पत्त्यावरून आईला मेल आला. आई, जेवलीस का?

मला हे लगेच कळलं नाही. घरातलं काहीच मला लगेच कळत नाही. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांना ‘आता दिसतंय का, आणि आता?’ विचारत असते. घरी आल्यावर कुणाला काही विचारायचं त्राण उरत नाही. आई म्हणते, तुझं तोंड दुकानात गोड आणि घरात कडू. खरंच आहे ते.

टिल्लू लिफ्ट दुरुस्त करायचा. लिहायचा त्याला भारी कंटाळा, म्हणून कामावरच्या नोंदी फोनमध्ये बोलून ठेवायचा. ‘तिसऱ्या मजल्यावर दार घासतंय. दोर बदलायला लागणार. वॉचमन म्हणतो आवाज येतो, मला तर काही येत नाही.’ मागे लिफ्टची घरघर. अशा शेकडो नोंदी त्याच्या मेलच्या खात्यात साठलेल्या होत्या. एकीत तर मध्येच आईची हाक ऐकू येते आणि तो म्हणतो, ‘आलो गं, दोन मिनिटं.’ आई रोज दुपारी हे ऐकत बसायची. दुसऱ्या कुणाला त्यात काय कळणार? दार घासतंय, दोर बदला. पण आवाज त्याचा होता, आणि आता आमच्याकडे त्याचं तेवढंच उरलं होतं.

त्याचा फोन कपाटात साड्यांवर ठेवलेला असायचा. आई तो रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायची. नंबर बंद करू या असं मी एकदा म्हटलं, तर ती ताटावरून उठून गेली. मी पुन्हा विषय काढला नाही. शिवाय ती त्याला मेल लिहायची. तो कामासाठी लांब गेलाय आणि बोलायला वेळ मिळत नाही, अशा थाटात. आज नळाला पाणी नव्हतं. ताईचं पुन्हा दुकानात साहेबांशी वाजलं. किल्ली नेहमीच्याच जागी आहे. आणि शेवटी दर वेळी तेच वाक्य: भरल्या पोटी झोप, राजा. मी चिडायचे. पण कुणाचं काय बिघडत होतं, असंही वाटायचं.

त्या संध्याकाळी मी कांदा चिरत होते. आई टिल्लूचा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. तिच्या चष्म्याची काडी मोडली होती. चष्मा मी दुकानात नेला होता आणि परत आणायला विसरले होते.

“एवढे आकडे वाचून दाखव गं,” ती म्हणाली.

“कसले आकडे?”

“आत्ता आलेत. टिल्लूला हवेत.”

मला वाटलं, आईचं डोकं फिरलं. मी गॅस बंद केला, तिला खुर्चीवर बसवलं आणि फोन हातात घेतला. खरोखरच सहा आकड्यांचा कोड आला होता. खाली लिहिलं होतं, हा कोणालाही सांगू नका. माझ्या हातातच फोन पुन्हा थरथरला आणि दुसरा कोड आला. मेलेल्या माणसाचा फोन असा हातात थरथरला की काय होतं, ते मला तेव्हा कळलं. क्षणभर मलाही वाटलं, त्याचंच काहीतरी असेल.

“टॅब दाखव,” मी म्हणाले.

तो टॅब टिल्लूनेच तिला दिलेला. अक्षरं इतकी मोठी करून दिलेली, की समोरच्या इमारतीतून वाचता आली असती. त्या भल्यामोठ्या अक्षरांत मी माझ्या भावाचे मेल वाचले. आई, जेवलीस का? आई, ताईचं साहेबांशी मिटलं का? आई, नळाला पाणी येतंय ना आता? प्रत्येकाच्या शेवटी, भरल्या पोटी झोप. आणि सगळ्यात वरचा: आई, माझं खातं अडकलंय. माझ्या जुन्या फोनवर कोड येईल, तो लगेच पाठव. दहा मिनिटांत नाही पाठवलास तर सगळं पुसलं जाईल.

मी मघाशी घाबरले होते, ती भीती गेली. तळपायाची आग मस्तकात गेली.

“आई, त्याचा पासवर्ड तू कुणाला दिलास?”

“कुणाला कशाला देऊ? मेलवाल्या कंपनीचा मेल आला होता. खातं बरेच दिवस वापरात नाही, कायमचं पुसणार म्हणून. खाली दाबा आणि पासवर्ड भरा म्हणाले. मी भरला.” ती पदराशी चाळा करत होती. “त्यात त्याचा आवाज आहे ना गं.”

मी तो मेल शोधला. सुरुवातीलाच ‘प्रिय ग्राहक’. नाव नाही, गाव नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीचं नाव पुढे, आणि मागे भलतंच शेपूट लावलेलं. आणि घाई. आजच करा, आत्ता करा. दुकानात असला माणूस आला तर मी त्याला पहिल्या नजरेत ओळखते, पण आईला त्यात फक्त एकच शब्द दिसला होता. पुसणार.

मी तिच्यासमोर बसले आणि जमेल तेवढं सांगितलं. त्या पासवर्डने कुणीतरी आत शिरलंय. तुझी सगळी पत्रं त्याने वाचलीत, म्हणून त्याला नळ माहीत आहे, साहेब माहीत आहेत. पण कुलूप बदलायचं तर कोड लागतो, आणि तो या फोनवर येतो. तो दिलास तर खातं त्याचं. आवाज आपल्याला पुन्हा ऐकायला मिळणार नाही. आणि टिल्लूच्या नावाने तो त्याच्या सगळ्या मित्रांकडे हात पसरत फिरेल.

“हे बघ, ‘भरल्या पोटी झोप’. टिल्लू असं कधी बोलला होता का? हे तुझं वाक्य आहे. तुझंच तुला परत पाठवतोय तो.”

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं. मग आई अगदी शांतपणे म्हणाली, “मला काय कळत नव्हतं? माझ्या हातांनी त्याचे पाय पांढऱ्या कापडात गुंडाळलेत मी.”

मी टॅब टेबलावर ठेवला.

“पण घरात जेवलीस का म्हणून विचारतं कोण मला?” ती म्हणाली. “तू विचारतेस?”

नव्हते विचारत मी. खोटं कशाला बोलू. कांद्याचा हात तसाच मांडीवर घेऊन मी बसून राहिले. फोन आणखी एकदा थरथरला. टॅबवर नवा मेल आला: आई, लवकर. पाचच मिनिटं राहिली.

आईने टॅब स्वतःकडे ओढला. मी हात पुढे केला, तर म्हणाली, थांब, आकडे नाही देत. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं आणि मी शेजारी बसून वाचत होते. तोवर तिने त्याला कितीतरी पत्रं लिहिली होती, पण त्यांतल्या एकातही ही गोष्ट नव्हती. नातेवाइकांना ती मीच कळवली होती. आईच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता.

‘माझा मुलगा हिवाळ्यात वारला. हे सगळं मी त्याला लिहीत होते. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. तुम्हालाही आई असेल.’

तिने पाठवलं आणि टॅब टेबलावर ठेवून वाट बघत बसली. तिला काय हवं होतं, मला माहीत आहे. तिला वाटत होतं, पलीकडचा माणूस दोन शब्द लिहील. माफ करा म्हणेल, नाहीतर निदान गप्प तरी होईल. मी उठून तेवढ्यात पासवर्ड बदलायला हवा होता, पण माझ्याने हलवेना. कारण मीही वाट बघत होते.

उत्तर फार लवकर आलं.

‘हो आई, कळलं. पण आधी कोड पाठव. दोनच मिनिटं उरलीत. भरल्या पोटी झोप.’

आईने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. टिल्लूला नेलं तेव्हाही ती इतकी एकटी दिसली नव्हती.

“बदल कुलूप,” ती म्हणाली.

मी नवा कोड मागवून घेतला, तो तिला वाचून दाखवला आणि तिनेच स्वतःच्या बोटाने भरला. पासवर्ड बदलला, बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, त्याच्या मित्रांना काही आलं तर उघडू नका म्हणून कळवलं. मग तिने एक नोंद लावून बघितली. दार घासतंय. दोर बदलायला लागणार. सगळं जागेवर होतं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं नाही.

स्वयंपाक उशिरा झाला. आई जेवली आणि आत जाऊन पडली. टिल्लूचा फोन टेबलावरच राहिला होता, बॅटरी संपत आली होती. मी भांडी घासली, ओटा पुसला, आणि मग तो चार्जिंगला लावला.

खोलीच्या दारात जाऊन मी विचारलं, “आई, पोटभर जेवलीस ना?”

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती, मला माहीत आहे.

“कोण विचारतंय?” ती शेवटी म्हणाली.